निरोप तोच, घर वेगळे : हाडाच्या पेशी आणि वृद्धिघटक

मासळीबाजारातून एकाच दिवशी बांगडा आणि मोरी घरी आली, तर दोन्हींमधला फरक ताटावर बसलेल्या लहान मुलालाही सांगता येतो. बांगड्याचा मधला काटा टणक असतो, वाकवला तर कटकन मोडतो, आणि मुलाच्या घशात अडकू नये म्हणून आई तो आधीच सोडवून ताटाच्या कडेला ठेवते. मोरीच्या तुकडीत मात्र असा काटा सापडत नाही. मधोमध एक पांढरी चकती असते, आणि तिच्या लगतचा भाग दाताखाली कानाच्या वरच्या कडेसारखा लवचीक लागतो. कोकणात ज्याला मोरी म्हणतात तो मासा शार्कच्या कुळातला. त्या कुळाचा सांगाडा कूर्चेचा असतो आणि त्यावर फार तर कॅल्शियमच्या क्षारांचे पातळ कवच चढते. दोन्ही मासे एकाच अरबी समुद्रातले, आणि कॅल्शियम दोघांच्याही भोवतालच्या पाण्यात मुबलक. तरीही एकाच्या अंगात हाड घडते आणि दुसऱ्याच्या घडत नाही, यावरून एवढे तरी कळते की हाड घडणे हा नुसता कॅल्शियम मिळण्याचा प्रश्न नाही. पेशीच्या आत कोणती जनुके, कधी आणि किती वेळ उघडतात, यावर ते अवलंबून असते. ती उघडण्याचा निरोप जी प्रथिने आणतात, त्यांना वृद्धिघटक म्हणतात.

लाल रक्तपेशींसारखे अपवाद सोडले, तर आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांचा पूर्ण संच असतो. माणसात प्रथिने घडवणारी अशी सुमारे २०,००० जनुके आहेत, आणि प्रत्येक जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे बनवायचे याची लिहून ठेवलेली कृती होय. यकृताच्या पेशीजवळही हाडाचे प्रथिन बनवण्याची कृती असते, परंतु तिच्या वहीतले ते पान घट्ट मिटलेले असते. वृद्धिघटक हे नाव ऐकले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर माडाच्या आळ्यात घातलेले खत येते : जितके घालावे तितके पीक अधिक. ही उपमा सोपी वाटते, पण माझ्या मते तिच्यामुळे समजण्यापेक्षा गैरसमजच अधिक होतो. खत पिकाच्या अंगात जाऊन त्याचा भाग बनते. वृद्धिघटक बहुधा पेशीच्या आत शिरतही नाही. तो दाराशी येऊन निरोप देतो, आणि त्या निरोपाचा अर्थ काय लावायचा हे घरातली माणसे ठरवतात. पुढे जे सांगायचे आहे ते सारे या एका गोष्टीभोवती आहे.

या शोधाची सुरुवात एका साध्या प्रयोगातून झाली, आणि त्या प्रयोगाचा पहिला भाग कोणालाही घरी करून पाहता येतो. कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ करून काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले, तर आम्लात त्यातले कॅल्शियमचे क्षार विरघळून जातात. हाड आकाराने तसेच राहते, पण रबरासारखे वाकते. उरलेला तो लवचीक भाग मुख्यतः कोलॅजन नावाच्या तंतुमय प्रथिनाचा असतो. लॉस एंजेलिसचे अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी हाडाचे तुकडे आम्लात अशाच रीतीने निःक्षार केले आणि ते सशासारख्या प्राण्यांच्या स्नायूत रोवले. स्नायूत हाड असण्याचे काहीच कारण नसते, तरीही काही आठवड्यांत तेथे नवे हाड तयार झाले, आणि ते त्या प्राण्याच्या स्वतःच्या पेशींनी तयार केले होते. हा निष्कर्ष त्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केला. मेलेल्या, धुतलेल्या हाडात असे काहीतरी शिल्लक राहिले होते, जे शेजारच्या जिवंत पेशींना हाड घडवायला सांगत होते.

पुढे भारतीय वंशाचे संशोधक हरी रेड्डी आणि चार्ल्स हगिन्स यांनी १९७२ साली उंदरांमध्ये या घटनेचा दिवसागणिक क्रम मांडला. आधी त्या जागी पेशी गोळा होऊन वाढतात, आठवडाभरात त्यांची कूर्चा बनते, मग तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात, दहाव्या-बाराव्या दिवसाच्या सुमारास हाड दिसू लागते आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यात अस्थिमज्जाही भरते. आईच्या पोटात गर्भाचे हात-पाय याच क्रमाने घडतात, म्हणजे आपल्या मांडीचे हाड एके काळी मोरीच्या सांगाड्यासारखेच कूर्चेचे होते. १९८१ साली संपत आणि रेड्डी यांनी निःक्षार हाडातला विरघळणारा अंश वेगळा काढला. तो अंश एकटा रोवला तर हाड होत नव्हते, उरलेला कोलॅजनचा सांगाडा एकटा रोवला तरी होत नव्हते, आणि दोन्ही पुन्हा एकत्र केले की होत होते. निरोप्याला टेकायला जागाही लागते, हे त्यातून प्रथम स्पष्ट झाले. विरघळणाऱ्या अंशातल्या प्रथिनांना युरिस्ट यांनी आधीच ‘बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन’, थोडक्यात बीएमपी, असे नाव दिलेले होते. १९८८ साली जॉन वोझ्नी आणि सहकाऱ्यांनी त्यांची जनुके शोधून काढली.

नावात हाड असल्यामुळे या प्रथिनातच हाडाचा नकाशा दडलेला असावा, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु जनुके हाती आल्यावर असे दिसले की बीएमपीचा सख्खा भाऊ शोभावा असे एक प्रथिन फळमाशीत आधीच सापडलेले आहे. पिकलेल्या फणसावर किंवा काजूच्या बोंडांवर जी बारीक चिलटे घोंघावतात, त्यांतलीच ही जात. तिच्या अंगात हाड तर नाहीच, कूर्चाही नाही. तेथे हे प्रथिन पाठ कोणती आणि पोट कोणते हे ठरवते आणि पंखांची घडण करते. १९९३ साली माशीचे हे प्रथिन उंदराच्या त्वचेखाली रोवून पाहण्यात आले, आणि तेथे रीतसर कूर्चा होऊन हाड तयार झाले. हा माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग आहे. माशीच्या प्रथिनाला हाड ठाऊक असण्याचा संभवच नाही. हाड ठाऊक होते ते उंदराच्या पेशींना.

आता निरोप पेशीत पोहोचतो कसा, ते जवळून पाहू. पेशीच्या पटलात ग्राही नावाची प्रथिने आरपार रोवलेली असतात, त्यांचे एक टोक बाहेर आणि दुसरे आत. बीएमपीचा रेणू दोन साखळ्या जोडून बनलेला असतो, आणि तो बाहेरून येऊन दोन प्रकारच्या ग्राहींना एकत्र खेचतो. त्यांतला एक प्रकार आधीच जागा असतो. तो दुसऱ्यावर फॉस्फेटचा लहानसा गट चिकटवून त्याला जागे करतो. जागा झालेला ग्राही मग पेशीच्या आत वाट पाहत असलेल्या स्मॅड नावाच्या प्रथिनांवर तसाच फॉस्फेट चिकटवतो. बीएमपीच्या निरोपासाठी स्मॅड-१, स्मॅड-५ आणि स्मॅड-८ ही मंडळी काम करतात. फॉस्फेटची खूण मिळालेले दोन स्मॅड स्मॅड-४ नावाच्या सोबत्याला घेऊन केंद्रकात शिरतात. ‘स्मॅड’ या नावातला अर्धा भागही फळमाशीतल्या ‘मॅड’ जनुकावरून आणि अर्धा एका सूत्रकृमीतल्या ‘स्मा’ जनुकावरून आला आहे, कारण ही साखळी प्रथम त्या जिवांत उलगडली.

केंद्रकात पोहोचल्यावर खरी कसोटी लागते. एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे २ मीटर भरेल, आणि तो मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढ्या रुंदीच्या केंद्रकात बसवलेला असतो. हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती तो रिळावर दोरा गुंडाळावा तसा गुंडाळलेला असतो. जेथे गुंडाळी घट्ट आहे तेथले जनुक वाचता येत नाही. जेथे ती सैल आहे तेथे वाचणारी यंत्रणा बसू शकते. स्मॅडची डीएनएवरची पकड मुळातच कमकुवत असते. त्याला एकट्याला एखाद्या जागी ठामपणे टिकता येत नाही, म्हणून तेथे आधीच बसलेल्या एखाद्या स्थानिक प्रथिनाचा आधार घ्यावा लागतो. तो मिळाला की स्मॅड आपल्यासोबत हिस्टोनवर अ‍ॅसिटिल गट चिकटवणारी प्रथिने आणतो, गुंडाळी आणखी सैल होते, आणि त्या जनुकाच्या प्रती निघू लागतात. कोणत्या पेशीत कोणते स्थानिक प्रथिन हजर आहे, हे त्या पेशीच्या पूर्वायुष्यावर ठरते, आणि म्हणून एकाच निरोपाचे उत्तर पेशीपेशीत वेगळे मिळते. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळात हाच बीएमपी बाहेरच्या थरातल्या पेशींना त्वचेकडे वळवतो. हाताचा पंजा घडताना बोटांच्या मधल्या पेशींना तो मरायला लावतो आणि बोटे सुटी होतात. बदकाच्या पायात त्या जागी ग्रेमलिन नावाचे प्रथिन बीएमपीला अडवते, म्हणून तेथला पडदा शाबूत राहतो.

हाडाच्या वाटेवर निघालेल्या पेशीतले सर्वांत महत्त्वाचे स्थानिक प्रथिन म्हणजे रंक्स-२. १९९७ साली ज्या उंदरांमध्ये रंक्स-२ चे जनुक पूर्णपणे निकामी केले होते, त्यांच्या पिलांत सांगाडा होता, पण तो सारा कूर्चेचा. हाड बनवणाऱ्या पक्व पेशी त्यांच्यात नव्हत्याच. बरगड्या कणखर नसल्यामुळे श्वास घेता न येऊन ती पिले जन्मताच दगावली. माणसात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडली तर जीव वाचतो, पण गळपट्टीची हाडे अपुरी राहतात किंवा तयारच होत नाहीत, आणि टाळू भरायला फार वेळ लागतो. आपल्याकडे आजी तान्ह्या बाळाच्या टाळूवर खोबरेल तेल थापते तेव्हा तिच्या बोटांखाली जो मऊ, धडधडणारा भाग असतो, तेथे कवटीची हाडे अजून एकमेकांना भेटलेली नसतात. पुढची टाळू बहुतेक बाळांमध्ये एक ते दीड वर्षाच्या सुमारास बुजते. कवटीची ही हाडे कूर्चेच्या टप्प्यातून न जाता थेट हाड म्हणूनच वाढतात, त्यामुळे रंक्स-२ ची निम्मी उणीव तेथे चटकन जाणवते. तेलाने त्वचा मऊ राहते आणि बाळाला सुख वाटते, हे खरे आहे. टाळू भरण्याचे काम मात्र त्याखाली हाडांच्या कडेला बसलेल्या पेशी करत असतात.

बीएमपीचा निरोप रंक्स-२ च्या जनुकाला चालना देतो, आणि तयार झालेले रंक्स-२ पुढच्या वेळी येणाऱ्या स्मॅडला आधार देते. एकाने दुसऱ्याला उभे करायचे आणि मग दोघांनी मिळून तिसऱ्याला, अशी ही रीत आहे. तो तिसरा म्हणजे ऑस्टेरिक्स. २००२ साली असे दिसून आले की ऑस्टेरिक्स नसलेल्या उंदरांत रंक्स-२ व्यवस्थित असूनही हाड होत नाही, आणि रंक्स-२ नसेल तर ऑस्टेरिक्स उमटतच नाही. या दोघांच्या हुकमाखाली पेशी कोलॅजनचे तंतू बाहेर सोडते, अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचे विकर बनवून क्षार बसण्याची तयारी करते, आणि शेवटी ऑस्टिओकॅल्सिनसारखी प्रथिने तयार करते. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत बांधणारा गवंडी भिंत पुरी झाल्यावर आपल्या घरी जातो. हाड बांधणाऱ्या पेशींपैकी काही मात्र आपणच बांधलेल्या भिंतीत कायमच्या राहतात. त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात, आणि त्यांचा संदर्भ पुढे येईल.

येथे वेळेचे महत्त्व विसरून चालत नाही. रंक्स-२ आवश्यक आहे म्हणून ते जितके जास्त तितके बरे, असे समजून चालणार नाही. ज्या उंदरांच्या हाडपेशींत ते मुद्दाम वाढवून ठेवले, त्यांच्या पेशी अपक्वच राहिल्या आणि हाडे विरळ होऊन मोडू लागली. टीजीएफ-बीटा या दुसऱ्या वृद्धिघटकाची कथाही अशीच आहे. सुरुवातीच्या टप्प्यात तो हाडाच्या वाटेवरच्या पेशींची संख्या वाढवतो. पेशी पक्व होऊ लागली की त्याचा स्मॅड-३ हा दूत त्याच रंक्स-२ शी जोडला जातो, पण सोबत हिस्टोनवरचे अ‍ॅसिटिल गट काढून टाकणारी प्रथिने आणतो, आणि ऑस्टिओकॅल्सिनचे पान पुन्हा मिटते. निरोप आवरता घेण्याची सोयही निरोपातच असते. बीएमपीच्या प्रभावाखाली पेशी नॉगिन नावाचे प्रथिन बनवते, आणि ते बाहेर जाऊन बीएमपीलाच धरून ठेवते.

‘वृद्धिघटक’ हे नाव किती फसवे आहे, हे एफजीएफ या गटातल्या एका ग्राहीवरून कळते. वाढत्या मुलांच्या लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते आणि उंची तेथूनच वाढते. त्या पट्टीत एफजीएफचा तिसऱ्या क्रमांकाचा ग्राही वाढीला लगाम घालतो. १९९४ साली असे उघड झाले की ठेंगूपणाच्या सर्वांत सामान्य आनुवंशिक प्रकारात, म्हणजे अकाँड्रोप्लेझियात, याच ग्राहीच्या जनुकातले एक अक्षर बदललेले असते, आणि जवळजवळ सर्व रुग्णांत ते नेमके तेच अक्षर असते. त्या बदलामुळे ग्राही निरोप नसतानाही जागा राहतो आणि लगाम सुटतच नाही. बहुतेक रुग्णांचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात, कारण हा बदल त्या मुलात नव्यानेच घडलेला असतो. ग्रहणात आईने काय केले, काय चिरले, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण गावाकडे अशा मुलाच्या आईला अजूनही नको ते ऐकून घ्यावे लागते. याच्या उलट बाजूला एक अतिशय दुर्मीळ विकार आहे, ज्यात बीएमपीच्या एका ग्राहीतले अक्षर बदलते आणि स्नायू व अस्थिबंध हळूहळू हाडात बदलत जातात. त्याचे कारण २००६ साली सापडले. युरिस्ट यांनी सशाच्या स्नायूत जे मुद्दाम घडवले, ते त्या रुग्णांच्या शरीरात नको असताना घडते.

आंब्याच्या दिवसांत झाडावरून पडून हात-पाय मोडल्याच्या बातम्या आमच्या भागात दरवर्षी येतात. आमच्या शेजारचे आबा कलमावरून पडले आणि नडगीचे हाड मोडले, तेव्हा त्यांचे क्ष-किरण चित्र मी खिडकीतल्या उजेडात धरून पाहिले होते. पहिल्या चित्रात काळी, स्वच्छ भेग होती. तीन आठवड्यांनंतरच्या चित्रातही ती जवळजवळ तशीच दिसत होती, आणि आबांनी काळजीने विचारले होते, “हाड जुळता की नाय?” त्या वेळी हाड खरोखरच जुळत होते, पण जे बनत होते ते क्ष-किरणांना दिसण्याजोगे नव्हते. मोडलेल्या जागी साकळलेल्या रक्तातून आणि खुद्द हाडाच्या तुटक्या कडांमधून टीजीएफ-बीटा, बीएमपी आणि इतर वृद्धिघटक सुटतात. आसपासच्या मूलपेशी गोळा होतात. आणि भेगेभोवती आधी कूर्चेचा मऊ गोळा बनतो. कूर्चेत क्षार नसल्यामुळे चित्रात ती उमटत नाही. दोन महिन्यांनंतरच्या चित्रात भेगेभोवती धूसर, कापसासारखा ढग होता. कूर्चेची जागा हाड घेऊ लागले होते, म्हणजे गर्भात एकदा घडलेला क्रम साठीतल्या माणसाच्या नडगीत पुन्हा घडत होता.

मग न जुळणाऱ्या हाडात बीएमपी भरले की काम झाले, असे वाटेल. २००२ साली अमेरिकेत मणक्यांच्या शस्त्रक्रियेसाठी कोलॅजनच्या स्पंजात भिजवलेल्या बीएमपी-२ ला मान्यता मिळाली, आणि स्पंज का लागतो हे संपत-रेड्डींच्या प्रयोगावरून ध्यानात येईल. पण त्यासाठी लागणारी मात्रा शरीरातल्या नैसर्गिक मात्रेच्या कितीतरी पट असते, आणि मानेच्या शस्त्रक्रियेत वापरल्यावर काही रुग्णांना गंभीर सूज आल्यामुळे २००८ साली तेथल्या नियामकांना इशारा द्यावा लागला. दाराशी एकाने निरोप सांगणे वेगळे आणि साऱ्या वाडीने एकदम ओरडणे वेगळे.

भिंतीत राहिलेल्या ऑस्टिओसाइट पेशींबद्दल थोडे सांगायचे राहिले आहे. डब्ल्यूएनटी नावाच्या आणखी एका वृद्धिघटक-गटाचा निरोप हाड बांधायला सांगतो, आणि ऑस्टिओसाइट पेशी स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन सोडून तो अडवून धरतात. हाडावर भार पडला की त्या स्क्लेरोस्टिन कमी करतात, अडसर सैल होतो आणि बांधकाम सुरू होते. किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांच्या किंवा डोक्यावरून हारे वाहणाऱ्या बायांच्या हाडांत व्यायामाचा परिणाम जनुकांपर्यंत पोहोचतो तो या वाटेने. स्क्लेरोस्टिनला रोखणारे एक औषध ठिसूळ हाडांच्या आजारासाठी २०१९ पासून अमेरिकेत मान्य आहे.

आणि मोरी? बीएमपी आणि रंक्स कुळातली जनुके शार्कच्या कुळातही आहेत. निरोप्या आहे, दारही आहे. २०१४ साली ब्यारप्पा वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी एलिफंट शार्क या कूर्चामत्स्याचा जनुकसंच वाचून काढला, तेव्हा काटेरी माशांत आणि आपल्यात हाडावर क्षार बसवायला मदत करणाऱ्या प्रथिनांचे एक जनुककुळ त्यात आढळले नाही. नंतर त्यांनी झेब्राफिश या काटेरी माशात त्या कुळातले एकच जनुक दाबून पाहिले. बाकी सारे जसेच्या तसे असताना त्या पिलांमध्ये हाड कमी बनले.